होडीची डोलकाठी घरी बनवताना: लाकूड कसं निवडावं, कसं चिकटवावं

माझी पहिली डोलकाठी समुद्र न बघताच वाकली. मे महिना, काठी पडवीच्या खांबाला तिरकी टेकवून ठेवलेली, आणि तिच्या मध्यावर कुणीतरी ओली ताडपत्री वाळत घातलेली. चार दिवसांनी ताडपत्री काढली तेव्हा काठीला धनुष्यासारखा बाक आला होता आणि जोडाच्या जागी एक फळी दुसरीवरून दोन सूत सरकली होती. फुटलं-तुटलं काही नव्हतं, नुसता सांधा घसरला होता. मी सुतारकामाचा नेहमीचा पांढरा डिंक वापरला होता. कपाटाला तो उत्तम. पण सतत ताण आणि ऊन असं दोन्ही मिळालं की तो हळूहळू ढिला पडतो, आणि डोलकाठीच्या नशिबी तर दोन्ही कायमचंच.

पुढचे आकडे दुसऱ्या काठीचे आहेत, जी अजून उभी आहे. होडी बारा फुटी, प्लायवूडची. शीड लग पद्धतीचं, चौकोनी. काठीला तारांचा आधार नाही. पुढच्या बैठकीच्या फळीतल्या भोकातून ती खाली उतरते आणि तळाच्या खाचेत बसते. लांबी ४.५ मीटर. बुडाशी ६० मिमी, बैठकीपाशी ७५ मिमी, शेंड्याला ५० मिमी. तुमची होडी वेगळी असेल तर तिच्या आराखड्यातली मापं घ्या, पद्धत हीच चालेल.

अख्खा वासाच का नको

किनाऱ्यावर कुणालाही विचारा, तो सुरूकडे बोट दाखवेल. सुरूचा वासा सरळ असतो, स्वस्त असतो, दारात मिळतो. मोठ्या गलबतांच्या काळात मलबार आणि कानडा मुलुखातून उंडीच्या जातभाईंचे उंच सोट डोलकाठीसाठी येत, परदेशी जहाजंही ते विकत घेत. तेव्हा अख्खं झाड वापरणं ही काही चुकीची गोष्ट नाही. पण अख्ख्या वाशाच्या मधोमध झाडाचा गाभा असतो. वाळताना लाकूड गोलाईच्या दिशेने जास्त आकसतं आणि गाभ्याकडच्या दिशेने कमी, त्यामुळे गाभा आत ठेवला की कुठेतरी चीर पडणारच. सुरूचं तर याहून वाईट: लाकूड जड, वाळताना पीळ घेणारं, आणि शेंड्यावरचं प्रत्येक जादा किलो लहान होडीला आडवी करायला टपलेलं.

पट्ट्या चिकटवून काठी केली की लाकूड निवडता येतं. गाठ कापून टाकता येते, एका पट्टीचा बाक दुसरीच्या बाकाने मारता येतो, आणि मध्ये पोकळी ठेवता येते. पोकळीचा हिशोब ऐकून मला पहिल्यांदा खरंच वाटलं नव्हतं. बाहेरच्या व्यासाच्या ६० टक्के व्यासाची पोकळी ठेवली तर वजन ३६ टक्क्यांनी उतरतं आणि ताठपणा फक्त १३ टक्क्यांनी. काठी वाकताना ताण सगळा बाहेरच्या कडेवर येतो. मधलं लाकूड नुसतं बसून असतं.

ज्यांना एवढा खटाटोप नको, आणि काठी ६० मिमीच्या आत आहे, त्यांनी सरळ दोन-तीन फळ्या एकावर एक चिकटवून भरीव काठी करावी. त्यांनाही लाकूड, ओल आणि गोंद यांचं सगळं लागू आहे; पट्ट्यांना खाचा पाडण्याचा ‘उघडी चोच’ हा भाग तेवढा सोडून द्यावा.

कुठलं लाकूड

डोलकाठीला हलकं, ताठ आणि लांब सरळ रेषांचं लाकूड लागतं. जगभर पहिलं नाव सिटका स्प्रूसचं घेतात: घनमीटरला ४०० ते ४३० किलो आणि वजनाच्या मानाने भलतं ताठ. जुन्या काळी विमानांचे सांगाडे याचेच असत. आपल्याकडे ते शोधण्यात वेळ घालवू नका.

माझी पसंती डग्लस फरला. घनमीटरला साधारण ५१० ते ५३० किलो, ताठपणात स्प्रूसपेक्षा थोडं वरच. दारं-खिडक्यांच्या चौकटींसाठी ते आयात होतं, त्यामुळे शहरातल्या मोठ्या वखारींत मिळू शकतं. नाहीच मिळालं तर गुजरातेत कांडला-गांधीधामच्या बाजूला चौकशी करा. देशात आयात लाकडाचा सगळ्यात मोठा व्यवहार तिथे चालतो. हेमलॉक दिसलं तर तेही चालेल, फक्त ते कुजायला लवकर तयार होतं, रंगरोगणात हयगय नको.

सागाचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला. सागाची होडी शंभर वर्षं टिकते हे खरंच आहे, मुंबईच्या गोदीत सागाचं बांधलेलं आणि १८१७ साली पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमली जहाज आजही इंग्लंडात तरंगतं आहे. पण तो साग सांगाड्याचा. डोलकाठीत साग फरपेक्षा ताठ नाही आणि वजनाने पंचवीस टक्के जड आहे. शिवाय तो तेलकट, म्हणजे चिकटवण्याआधी तोंड पुसून घ्यायची कटकट. मी साग वापरला तो फक्त बुडाच्या भरावाला आणि दोरी अडकवायच्या खुंटीला.

देवदाराबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडे देवदार हे नाव खोक्यांच्या कुठल्याही पांढऱ्या लाकडाला लावतात. वखारीत ‘देवदार आहे’ म्हणाले की बहुधा ते पाइन असतं. हिमालयातला खरा देवदार वासावरून लगेच कळतो. तो टिकाऊ आहे, पण त्यात गाठी फार.

शिडाच्या वरच्या आडव्या काठीला मात्र मी लाकूड वापरलंच नाही. सिंधुदुर्गातला माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, हलका आणि लवचीक. तीन मीटरची सरळ काठी निवडून घ्यायची, पेरं घासायची, झालं.

वखारीत काय बघायचं

मला लागणाऱ्या आठ पट्ट्या प्रत्येकी साधारण ३० बाय १५ मिमीच्या. निव्वळ लाकूड अर्ध्या घनफुटाहून थोडं जास्त. पण चिराई, रंधा आणि निवड यांत निम्मं जातं, म्हणून सव्वा घनफूट धरा. ५० मिमी जाड, १५० मिमी रुंद आणि ४.६ मीटर लांब अशी एकच निर्दोष फळी मिळाली तर तीत सगळं काम होतं. निर्दोष हा शब्द मात्र महाग आहे. मी अख्खी थप्पी उलटीपालटी केली तेव्हा वखारवाला म्हणाला, “साहेब, लाकूड घेताय की सून बघताय?” तो हसला, पण थप्पी उतरवू दिली. हमालांच्या चहाचे पैसे आपणहून द्यावेत, थप्पी उतरवताना कुणी कुरकुरत नाही.

पहिली गोष्ट रेषा. फळीच्या लांबीत रेषा कडेला किती तिरपी जाते ते मोजायचं: १५ सेंटिमीटर चालल्यावर ती १ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल तर फळी परत. रुंद तोंडावरच्या नागमोडी नक्षीला भुलू नका, ती वर्तुळांची असते. खरी रेषा बघायला टोकदार सुई लाकडात हलकेच टेकवून लांबीच्या दिशेने ओढा. सुई आपोआप रेषेने जाते. किंवा शाईचा थेंब टाका, तो रेषेतच पसरतो. हे फळीच्या दोन शेजारच्या तोंडांवर करायचं, एकावर नाही. मी एका फळीवर फसलो ते इथेच. वरून दोरीसारखी सरळ, आणि कडेने पाहिलं तर प्रत्येक रेषा हातभर चालून बाहेर पडत होती.

मग टोक बघायचं. वर्तुळं दाट हवीत, इंचाला निदान आठ. चार-पाच असतील तर झाड घाईने वाढलेलं आहे, लाकूड भुसभुशीत. गाभ्याचा ठिपका फळीत असेल तर ती घेऊच नका.

गाठी: भरीव काठीत तुरीच्या दाण्याएवढी घट्ट गाठ मध्यभागी चालून जाते. १५ मिमीच्या पट्टीत तीही नको, कारण तिच्याभोवती रेषा वळलेली असते आणि गाठ काढली तरी वळण उरतं.

शेवटची परीक्षा मोडायची. फळीच्या टोकाची बोटभर जाड, हातभर लांब काडी काढून घ्या आणि गुडघ्यावर मोडा. चांगलं लाकूड करकरत, लांब कुसळं काढत मोडतं. काकडीसारखं कट्‌कन तुटलं आणि तोंड सपाट आलं, तर ते कितीही सुंदर दिसत असलं तरी तिथेच ठेवून या. वाढताना दाबलं गेलेलं किंवा आतून कुजायला लागलेलं लाकूड असंच तुटतं.

ओल, आणि महिना कोणता

किनाऱ्यावर लाकडाची ओल हवेबरोबर वर-खाली होते. पावसाळ्यात पडवीत ठेवलेली फळी १८ टक्क्यांच्या आसपास जाते, हिवाळ्यात ती १२-१३ वर येते. चिकटवायला ८ ते १४ टक्के हवेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या पट्ट्यांत सारखे हवेत. एक ओली आणि एक कोरडी पट्टी चिकटवली की वर्षभरात दोघी एकमेकींना ओढतात आणि काठी वाकते. म्हणून फळ्या एकदम घ्या, एकाच जागी, मध्ये काड्या घालून, जमिनीपासून वीतभर वर रचून ठेवा. मी ऑक्टोबरात घेतल्या आणि जानेवारीत चिकटवल्या. पावसात हे काम करूच नये, हे माझं मत नव्हे, हट्ट आहे.

ओल मोजायचं यंत्र नसेल तर स्वयंपाकघर पुरतं. फळीच्या मधून (टोकातून नाही, टोक आधी वाळतं) एक तुकडा कापा आणि लगेच वजन करा. मग १०० ते १०५ अंशांवर भट्टीत ठेवा आणि तासातासाने वजन करत राहा, आकडा थांबेपर्यंत. माझा तुकडा ८६ ग्रॅमचा होता, तो ७६ वर थांबला. गेलेलं पाणी १० ग्रॅम, भागिले कोरडं वजन ७६, म्हणजे १३ टक्के. घरच्यांनी त्या दिवशी केकला लाकडाचा वास येतो म्हणून तक्रार केली, तीही खरी होती.

चिराई आणि कलम

५० मिमीची फळी वखारीतच उभी चिरून दोन करून घ्या. चिरल्या चिरल्या रंधा मारू नका. लाकडात कोंडलेला ताण सुटतो आणि फळ्या वाकतात; त्यांना दोन आठवडे वाकू द्या, मग रंधून १५ मिमीवर आणा.

मला साडेतीन मीटरपेक्षा लांब चांगली फळी मिळाली नाही, म्हणून जोड द्यावा लागला. आंब्याचं कलम बांधताना तिरपा काप घेतात, तसाच हा सांधा. फक्त फार लांब. जाडीच्या बारापट: १५ मिमीच्या फळीला १८० मिमीचा उतार. दोन्ही फळ्या एकावर एक, वरची १८० मिमी मागे सरकवून, टेबलाच्या कडेला आवळा आणि पायऱ्यांवरून एकच रंधा उतरवत न्या. दोन्ही उतार एकाच पातळीत येतात. रंध्याचं पातं धारदार हवं. उताराचं टोक कागदासारखं पातळ होतं आणि बोथट पातं ते फाडतं.

जोड फळीच्या मध्यावर देऊ नका, एका टोकाकडे द्या. मग फळी उभी चिरून पट्ट्या काढल्या की एकाआड एक पट्टी उलटी फिरवायची, बुडाकडचं टोक शेंड्याकडे. शेजारच्या पट्ट्यांचे जोड आपोआप लांब पडतात. माझ्या काठीत ते बुडापासून १.३ आणि ३.२ मीटरवर आले. बैठकीच्या भोकाजवळ, जिथे काठीवर सगळ्यात जास्त ताण असतो, तिथे एकही जोड नको.

चिकटवताना हा सांधा घसरतो, कारण दोन उतार एकमेकांवरून निसटायलाच बघतात. कडेला, पुढे कापल्या जाणाऱ्या भागात, दोन बारीक खिळे ठोकून तो जागेवर धरा आणि मगच शिकंजा (क्लॅम्प) आवळा.

उघडी चोच

आठ पट्ट्यांची गोल नळी जुळवायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक पट्टीच्या एका कडेला ९० अंशांची खाच. शेजारच्या पट्टीचा साधा चौकोनी कोपरा त्या खाचेत बसतो. खाच उघडलेल्या चोचीसारखी दिसते, म्हणून बाहेर तिला बर्ड्समाउथ म्हणतात. पट्टी घसरत नाही, कोन मोजावे लागत नाहीत, आणि डिंक लावलेल्या आठ पट्ट्या हातात सांभाळताना याची किंमत कळते.

मापाचा ढोबळ नियम: पट्टीची जाडी काठीच्या व्यासाचा पाचवा भाग आणि रुंदी जाडीच्या दुप्पट. ७५ मिमीला १५ बाय ३०. काठी शेंड्याकडे निमुळती होते तेव्हा नेमकं सूत्र लागतं: रुंदी = व्यास गुणिले ०.४१४, वजा जाडी गुणिले ०.१२१. माझी मापं अशी निघाली: बैठकीपाशी ७५ मिमीला रुंदी २९.२, एक मीटर वर ७३ ला २८.४, दोन मीटरवर ६८ ला २६.३, तीनवर ६० ला २३, शेंड्याला ५० ला १८.९. बुडाला ६० म्हणजे पुन्हा २३. प्रत्येक ठिकाणी खूण करून मध्ये लवचीक पट्टी वाकवून रेघ मारा. निमुळतेपणा काढायचा तो साध्या कडेने. खाचेच्या कडेला रंधा लावलात तर चोच बिघडली. आठही पट्ट्या एकत्र आवळून रंधल्या तर सारख्या होतात.

खाच टेबल-करवतीवर पातं ४५ अंशांत कलवून दोन फेऱ्यांत निघते, खोली साडेसात मिमी. राऊटर (खाचा कोरायचं यंत्र) असेल तर ९० अंशांचं पातं एका फेरीत काढतं. आधी टाकाऊ तुकड्यांवर: वीतभर लांबीचे आठ तुकडे खाचा पाडून जुळवून बघा. नळी बंद झाली आणि शेवटच्या सांध्यात फट राहिली नाही तर माप बरोबर. बारीक पट्टी करवतीवर ढकलताना बोटं नाही, ढकलकाठी.

गोंद

पांढऱ्या डिंकाचं सांगून झालं. जुन्या होडीबांधणीत रिसॉर्सिनॉल नावाचा गोंद वापरत, तो उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. पण त्याला सांधे कागदाचीही फट नसलेले लागतात आणि दाब प्रचंड लागतो. घरच्या रंध्याला ते झेपत नाही. घरी इपॉक्सी, म्हणजे राळ आणि हार्डनर असे दोन भाग मिसळले की घट्ट होणारा गोंद.

इपॉक्सीबद्दल लोक दोन चुका करतात. ‘लवकर वाळावं’ म्हणून हार्डनर वाढवतात. हार्डनर म्हणजे चहातली साखर नव्हे. प्रमाण चुकलं की उरलेला भाग जन्मभर तसाच चिकट राहतो. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते वाचा, दोन्ही आकडे वेगळे असतात. मी घरच्या डिजिटल काट्यावर तोलतो, एका वेळी दीडशे ग्रॅम. दुसरी चूक शिकंजे जीव खाऊन आवळायची. इपॉक्सीला दाब नको, संपर्क हवा. सांध्यातून सगळीकडे सारखी बारीक कड बाहेर आली की थांबा. आणखी आवळलं तर सांध्यात गोंदच उरत नाही.

आपल्या हवेत तिसरं एक आहे, ऊन. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सीचा हातातला वेळ साधारण निम्मा होतो. मगमध्ये गठ्ठ्याने राहिलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखं तापतं; माझा एक प्लास्टिकचा मग बसल्या जागी वितळला आणि धूर निघाला. सावकाश चालणारं हार्डनर घ्या, आणि मिसळल्याबरोबर मिश्रण पसरट ताटलीत ओता.

मिश्रण दोन तऱ्हांचं लागतं. आधी नुसतं पातळ, ब्रशने दोन्ही बाजूंना. लाकूड ते पितं. कलमाचा उतार तर ढोसतो, तिथे पाच मिनिटांनी दुसरा हात. मग त्यातच सिलिकाची पूड घालून श्रीखंडाइतकं दाट केलेलं, ते खाचेत. पातळ हात न देता नुसतं दाट लावलं तर लाकूड त्यातलं पाणीदार तेवढं शोषून घेतं आणि सांधा उपाशी राहतो. माझ्या काठीला खाचांपुरतं पाऊण किलो लागलं.

साग असेल तिथे अ‍ॅसिटोनने पुसून पंधरा-वीस मिनिटांत चिकटवा, नाहीतर तेल परत वर येतं. नायट्राइलचे हातमोजे घाला. त्वचेला इपॉक्सीची एकदा अ‍ॅलर्जी जडली की कायमची. हात थिनरने तर अजिबात धुऊ नका, साबणाने धुवा.

खऱ्या कामाआधी त्याच लाकडाचे दोन तुकडे त्याच गोंदाने चिकटवा, आठवडाभर ठेवा, मग सांध्यात पटाशी घालून हातोडा मारा. लाकूड फाटलं पाहिजे. सांधा स्वच्छ सुटला तर गोंद, प्रमाण किंवा ओल यांपैकी काहीतरी चुकलंय आणि ते दहा रुपयांच्या तुकड्यावर कळलंय.

कोरडी जुळणी आणि तो दिवस

काठी लांब, टेबल छोटं. मी साठ सेंटिमीटरवर एक अशा आठ घोड्या उभ्या केल्या, प्रत्येकीला वर इंग्रजी व्हीसारखी खाच, आणि दोरी ताणून सगळ्या खाचा एका रेषेत आणल्या. हे मन लावून करा. घोड्या वाकड्या असतील तर काठी तशीच वाकडी चिकटेल आणि मग तिला सरळ करणारं कुणी नाही.

शिकंजे चाळीस लागले असते. माझ्याकडे सहा होते. सायकलच्या जुन्या ट्यूब लांब चिरून दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या काढल्या आणि काठीभोवती ताणून गुंडाळल्या. रबर सगळीकडून सारखं दाबतं, हे काम शिकंजाला जमत नाही. सायकल दुरुस्तीवाल्याने ट्यूब फुकट दिल्या, वर विचारलं, मलखांब करताय का?

आधी सगळं कोरडं जुळवून बघायचं, रबरासकट, घड्याळ लावून. मला पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली. दुसऱ्यांदा पंचवीस. तिसऱ्यांदा वीस, तेव्हा गोंद मिसळला.

बुडाला, बैठकीपाशी आणि शेंड्याला भराव लागतो. बुडापासून बैठकीच्या वर ३० सेंटिमीटरपर्यंत एकच सलग आठ पैलू ठोकळा, शेंड्याला वीतभर. ठोकळा जिथे पोकळीत संपतो तिथे त्याचं टोक सपाट कापू नका, माशाच्या शेपटीसारखं खोल दुभंगा, व्यासाच्या दुप्पट तरी. सपाट कापलं तर ताठ काठी एकदम लवचीक होते आणि बरोबर त्या रेषेवर मोडते. बुडाच्या ठोकळ्याला मधून पेन्सिलीएवढी नळी ठेवा, आत शिरलेलं पाणी निघून जायला.

आठही पट्ट्या एकदम चिकटवायला दोन सराईत माणसं लागतात. मी दोन दिवस घेतले. पहिल्या दिवशी चार-चारच्या दोन अर्ध्या नळ्या, पण त्या वेगवेगळ्या नाही: सगळ्या आठ पट्ट्या जागेवर, फक्त समोरासमोरच्या दोन सांध्यांत गोंदाऐवजी पॅकिंगची चिकटपट्टी. त्यामुळे अर्ध्या नळ्या बरोबर आकारात घट्ट होतात. दुसऱ्या दिवशी त्या उघडल्या, आतून दोन हात इपॉक्सी दिलं, आत ओघळलेला गोंद खरवडला, ठोकळे बसवले आणि बंद केल्या.

सुरुवात दुपारी चारला. तापमान उतरताना लाकूड गोंद आत ओढून घेतं, चढताना आतली हवा बुडबुडे काढते. रबर गुंडाळताना बुडाकडून शेंड्याकडे जा. शेवटी गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, काठीच्या लांबीवरून नजर टाका. अजून पंधरा मिनिटं ती ढकलून सरळ करता येते. रात्री दव पडतं, वर ताडपत्री तंबूसारखी टाका, काठीला न टेकता.

सकाळी वर तेलकट, साबणासारखा थर हाताला लागला तर घाबरू नका. दमट हवेत इपॉक्सीवर तो येतोच. साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुऊन काढा, पॉलिश पेपर त्यानंतर. न धुता घासलंत तर तो थर लाकडात चोळला जातो आणि वरचा वार्निश सोलतो.

गोल करणं आणि रंग

काठी आठ पैलूंची निघते. रंध्याने प्रत्येक कोपरा काढून सोळा करा, मग बत्तीस. घाई कराल तर पैलू असमान होतील, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर मोजून तेवढ्याच ढलप्या काढा. पुढे पॉलिश पेपरचा लांब पट्टा काठीवरून टाकून, अंघोळीला पाठ घासताना पंचा धरतो तसा दोन्ही हातांनी ओढा: ६०, मग ८०, मग १२०.

भरीव काठी करणाऱ्यांनी आधी चौकोनी रंधून घ्यावी आणि प्रत्येक बाजू ७ : १० : ७ या प्रमाणात आखावी. त्या रेघांपर्यंत कोपरे उतरवले की आठ पैलू बरोबर मिळतात.

इपॉक्सीचे दोन हात, त्यावर ऊन अडवणारं वार्निश पाच-सहा हात. नुसतं इपॉक्सी उन्हात काही महिन्यांत पांढुरकं होऊन सोलतं. गडद रंग देऊ नका. घरी वाळवलेलं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि भर उन्हातली काळी काठी तिथपर्यंत सहज जाते. बैठकीच्या भोकात जिथे काठी घासते तिथे चामड्याची पट्टी शिवा.

शेवटच्या सांध्यानंतर सात दिवस शीड चढवायचं नाही. माझी काठी भरावासकट साडेसहा किलो भरली. मी ती एका खांद्यावर टाकून खाडीपर्यंत चालत नेली. पहिल्या दिवशी हलका वारा निवडा, शीड अर्धंच उघडा आणि बैठकीपाशी काठीला हात लावून बसा. बारीक टक्‌टक्‌ जाणवली तर परत या: चामडं ढिलं असेल किंवा बुडाची खाच सैल असेल, तिथे पातळ पाचर मारा. वर्षातून एकदा, पावसाआधी काठी उतरवाल तेव्हा बुडाची नळी तारेने मोकळी करा. माझ्या नळीत दर वर्षी कुंभारीण माशी मातीचं घर करते.